चारशे सातमधलं वल्कल

चारशे सात नंबरच्या खोलीत नामुद्दू पलंगाशी गुडघे टेकून बसली आणि त्यावर अंथरलेल्या वल्कलाचा कोपरा उलटून पाहिला. ठिगळ तिथेच होतं. तळहाताएवढं, केळीच्या सोपटाच्या धाग्याने शिवलेलं. टाके उलट्या बाजूला कललेले. ताता, तिचे वडील, डावखुरे होते.

"सापडलं?" दारातून सालोंगोंनी विचारलं. हॉटेलातली चादरी-टॉवेलांची खोली ते सांभाळत. जुळ्यांचा बाप म्हणून सगळे त्यांना सालोंगो म्हणत.

"हेच. एवढं एकच अखंड राहिलंय."

बाकीची वल्कलं आल्या आल्या कापली गेली होती. त्यांच्या दिव्यांच्या टोप्या झाल्या, जेवणाच्या यादीची वेष्टनं झाली, बशीखालचे चौकोन झाले. प्रत्येक खोलीत एक छापील कार्ड होतं: 'या कापडासाठी एकही झाड तोडलेलं नाही.' ते खरंच होतं. ज्याच्या सालीचं हे वल्कल, तो मुटुबा उंबराच्याच कुळातला. साल सोलून घेतली तरी मरत नाही. सोललेलं खोड ताता त्याच दिवशी केळीच्या पानांत गुंडाळत. झाड एक रात्रही उघडं राहता कामा नये, हा त्यांचा नेम. वर्षभरात नवी साल येई.

"मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं," सालोंगो म्हणाले, "पाहुण्यांना जिवंतपणीच गुंडाळायला निघालेत हे लोक."

एरवी नामुद्दू यावर हसायची. आज सालोंगोंनीच जीभ चावली.

वल्कलांचं काम तातांना तिनेच मिळवून दिलं होतं. चेबेट मॅडम नैरोबीहून पर्यावरणाचं काम बघायला आल्या. हॉटेलात प्लास्टिक नको, सगळं इथलं हवं, पुन्हा उगवणारं हवं, म्हणाल्या. नामुद्दूने तातांचं नाव सांगितलं. तातांनी आजूबाजूच्या पाच गावांतली वल्कलं गोळा केली, लोकांच्या पेट्यांत जपलेलीसुद्धा. तरी शेवटी या मोठ्या खोलीसाठी एक कमी पडलं.

"ताता, माळ्यावर तुमचं एक आहे ना?" तिने विचारलं होतं.

ताता बराच वेळ हातातली साल कुटायची मोगरी पुसत राहिले. मग त्यांनी शिडी लावली.

"ने. मी दुसरं करीन. साल काय, पुन्हा येते."

ते त्यांनी स्वतःसाठी ठेवलं होतं. गावात माणूस वल्कलात गुंडाळूनच मातीत जातो. वरून पांढरं कापड कितीही घाला, अंगाला वल्कलच लागतं. नवी साल धरायला अजून चार महिने होते आणि ताता आज पहाटे गेले. धाकट्या भावाचा, लुटालोचा, फोन आला तो रडतच. "ताई, पाचही गावं पालथी घातली. वीतभर तुकडा मिळाला नाही. उद्या चारला न्यायचंय. तुझ्या हॉटेलात बघ."

दारात बुटांचा आवाज झाला. सालोंगो बाजूला सरकले.

"नामुद्दू, अजून इथेच?" चेबेट मॅडम आत आल्या. "तीनला पर्यावरण पुरस्काराचे परीक्षक येतायत. याच खोलीपासून सुरुवात आहे, बाई."

नामुद्दू गुडघ्यांवरच वळली. "मॅडम, हे वल्कल मला द्या. माझे वडील गेले."

चेबेट मॅडमचा चेहरा उतरला. "अगं, मग तू आलीस कशाला? घरी जा आधी. मी गाडी सांगते, बसपर्यंत सोडेल." वल्कलाची सुरकुती त्या नकळत हाताने सारखी करत होत्या. "आणि हे आठवण म्हणून हवंय ना? परीक्षक जाऊ देत. पुढच्या आठवड्यात मी स्वतः—"

"आठवण म्हणून नाही. त्यांना गुंडाळायला. उद्या."

मॅडमचा हात वल्कलावरून उचलला गेला. त्यांनी तो दुसऱ्या हातात धरला. खाली रस्त्यावर बोडा-बोडाचे मोटारसायकलवाले गिऱ्हाइकांना हाका मारत होते.

"मला माहीत नव्हतं गं," त्या शेवटी म्हणाल्या. "खरंच. पण अर्जाच्या पहिल्या पानावर याच पलंगाचा फोटो आहे. आता तासाभरात मी दुसरं कुठून आणू? पलंग उघडा कसा ठेवायचा?"

नामुद्दू उठली.

"सालोंगो, तिला चादरी द्या," मॅडम घाईने म्हणाल्या. "बाद झालेल्या आहेत ना बऱ्याच. हव्या तेवढ्या घेऊ दे. नाहीतरी आपण काही वाया घालवत नाही."

तिघं बाहेर आल्यावर त्यांनी दार ओढून घेतलं. किल्लीला वल्कलाचा छोटा तुकडा लोंबत होता. सालोंगोंनी चादरींचा गठ्ठा काढला. नामुद्दूने तो घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सुरी घेऊन केळीच्या बागेत शिरली. लुटालो मागे मागे आला. "ताई, पानांत? लोक काय म्हणतील?"

"रुंद बघून काप. फाटकी नकोत."

तिने पानं विस्तवावर धरून मऊ केली. मग तातांना पायांपासून वर गुंडाळत नेलं, एका पानावर दुसरं अर्धं चढवत. म्हातारी माणसं दुसरीकडे बघत बसली. लुटालोने सोपटाची दोरी आवळली आणि थांबला. "गाठ कुठे मारू?"

"डावीकडे. ते डावीकडे मारायचे."

चारला त्यांना बाहेर काढलं. अंगणातला मुटुबा तातांनी बांधलेल्या, आता वाळलेल्या पानांत तसाच उभा होता. त्याला चार महिन्यांनी साल येणार होती.