कपाट हरवलेला खण

“तिकडे बघू नकोस,” आई दबक्या आवाजात म्हणाली.

थोरलीने मान वळवली. “पण आई, ती...”

“बघू नकोस म्हटलं ना. हे बघ, काय सापडलंय!”

लोकांनी दान केलेल्या जुन्या वस्तूंचं ते दुकान होतं. कान तुटलेल्या कपांपासून काटे नसलेल्या घड्याळांपर्यंत तिथे वाट्टेल ते मिळायचं. आईच्या हातात एक लाकडी खण होता. नुसताच खण, पितळी कडी काळी पडलेला.

“याचं कपाट कुठेय?” धाकट्याने विचारलं.

“हरवलं असेल.”

“मग हा एकटाच?”

“म्हणून तर आपण घ्यायचा. तुझ्या सशाचा पलंग करू. खाली पाय ठोकू, वर मऊ गादी.”

धाकट्याची कळी खुलली. त्याने कापडी सशाला कान धरून वर उचललं आणि त्याच्या कानात ती बातमी सांगून टाकली.

मांडणीच्या टोकाला राखाडी स्वेटरमधली बाई उभी होती. हातातली बशी ती कधीची उलटसुलट करत होती, पण डोळे मुलांवर होते. धाकट्याने तिला हात हलवून दाखवला. तो सगळ्यांनाच हात हलवायचा. बसगाड्यांना, कुत्र्यांना, आरशातल्या स्वतःलासुद्धा. आईने त्याचा हात खाली केला.

गादीसाठी जुना पडदा शोधायला ती वाकली. पुन्हा सरळ झाली तर धाकटा जागेवर नव्हता.

टांगलेले कोट दोन्ही हातांनी बाजूला सारत ती धावली. शेवटच्या कोटामागे धाकटा उभा होता आणि ती बाई त्याच्यासमोर उकिडवी बसून त्याच्या बुटाची नाडी बांधत होती.

आईने त्याला खसकन ओढलं. बाई उठून दोन पावलं मागे सरकली.

बसमध्ये ती बाई मागच्या सीटवर येऊन बसली. आईने खण मांडीवर घट्ट धरला. एका थांब्यावर दार बंद होता होता आई अचानक उठली आणि मुलांना घेऊन खाली उतरली.

“आई, आपला थांबा पुढचा आहे,” थोरली म्हणाली.

“माहितीये. चालत जाऊ. पाय मोकळे होतील.”

त्या बाईला घेऊन बस पुढे निघून गेली. आईने मोठा श्वास सोडला. वाटेत तिने खण डोक्यावर घेऊन राजाची स्वारी केली, तशी पोरं खिदळली.

थोरलीने गळ्यातल्या किल्लीने दार उघडलं. आत शिरताच आईने वरची साखळी लावली.

“साखळी कशाला?”

“असू दे. वर्तमानपत्रं कुठायत?”

“माळ्यावर. आणि हातोडी खाली, धुण्याच्या साबणामागे.”

फरशीवर कागद पसरले. थोरलीने पॉलिश पेपरने खण घासायला घेतला. काळपट थराखालून मधासारखं लाकूड वर येऊ लागलं. मोडक्या स्टुलाचे पाय आईने खणाला ठोकले. एक पाय आखूड निघाला आणि पलंग डुगडुगायला लागला.

“ससा दारू पिऊन झोपणार,” थोरली म्हणाली. आई खळखळून हसली, आणि हसता हसता तिची नजर खिडकीबाहेर गेली.

समोरच्या बाकावर ती बाई बसली होती.

आईचं हसू विरलं. तिने पडदा ओढला. थोडा वेळ नुसतीच खणावर हात फिरवत राहिली.

“मागचं दार कुठे उघडतं गं?” तिने विचारलं.

“बोळात. पण तिथून आपण जात नाही.”

“आज जायचं. गंमत करू. आवाज न करता. बूट घाल, पिल्लू.”

“आणि पलंग?” धाकट्याने विचारलं.

“घेऊ ना. ससाही घेऊ. कुणाला सांगायचं नाही.”

थोरलीने बूट घातले, पण ती हसत नव्हती. आईने मागचं दार उघडलं आणि धाकट्याला कडेवर घेतलं. त्याने पलंगाकडे हात लांबवला, कडेला धरलं आणि किंचाळला. जाडजूड कुसळ बोटात घुसलं होतं.

“चिमटा... चिमटा कुठे असतो?” आईने एक कपाट उघडलं, दुसरं उघडलं. डबे, औषधं, दोरे. धाकटा गळा काढून रडत होता.

पुढच्या दाराच्या कुलपात किल्ली फिरली.

थोरली जागीच थिजली. दार उघडलं आणि साखळीला अडकून थांबलं. फटीतून राखाडी बाही दिसली.

मागचं दार उघडंच होतं. बोळात कुणी नव्हतं. आईच्या खांद्यावर पिशवी होती, कडेवर मूल होतं. ती उंबऱ्यापर्यंत गेली.

“आई, त्याचं दुखतंय,” थोरली म्हणाली.

आईने धाकट्याचं बोट पाहिलं. रक्ताचा थेंब ओघळून तिच्या मनगटावर आला होता. ती तशीच उभी राहिली. मग वळली, पुढच्या दाराशी गेली आणि साखळी काढली.

बाई आत आली. तिने चपला काढल्या, सरळ आरशामागच्या फळीवरून चिमटा घेतला आणि आईच्या कडेवरच्या धाकट्याचं बोट हातात धरलं. एकाच झटक्यात कुसळ बाहेर आलं. धाकट्याचं रडं थांबलं. बाईने उघड्या मागच्या दाराकडे पाहिलं, मुलांच्या बुटांकडे पाहिलं आणि जाऊन ते दार हळूच लोटून घेतलं.

“वहिनी,” ती म्हणाली, “भेटीची वेळ संपली. आता जाताना पुढच्या दारानेच जा. तुम्ही कोपऱ्यावरून वळेपर्यंत, दर रविवारी, पोरं या खिडकीत उभी असतात.”