हजारांतला एक आवाज

वटवाघळांच्या ऑनलाइन तासासाठी मुलं पहाटेच शाळेत जमली. हेडसेट चढवताच प्रत्येकाला दूरच्या गुहेतल्या एकेका वटवाघळाचे कान मिळाले. कस्तुरीची वटवाघळीण आपलं पिल्लू शोधत होती, पण गुहेत हजारो पिल्लं चिरकत होती.

"बाई, सगळी सारखीच ओरडतायत! हिला नाही सापडलं तर ते उपाशी मरेल ना?"

"तू ऐक तर, वेडाबाई," पडद्यावरच्या बाई म्हणाल्या.

वटवाघळीण सरळ एकाच पिल्लापाशी उतरली. दूध पिण्याचा चुटूचुटू आवाज आला. कस्तुरी थक्क होऊन तो ऐकतच राहिली.

बाईंनी सगळ्यांची हजेरी एकत्रच घेतली. "हजर, बाई!" साठ मुलं एकदम ओरडली.

बाहेर शाळेसाठी पोहे करणारी कस्तुरीची आई झारा घेऊनच खिडकीत आली.

"कस्तुरे, तुझा आवाज नाही आला गं?"