राक्षसिणीचं विरजण

“राक्षस मरत नाही, ती कसली गोष्ट?” माझी शाळेतली वही परत देताना बाबा म्हणाले होते. तेव्हापासून माझं लिखाण मी त्यांना दाखवलंच नाही.

आता डायलिसिसच्या खुर्चीत ते चार तास मोकळ्या हाताची मूठ आवळून बसतात. आज मी मोबाइलवरून एक गोष्ट वाचायला घेतली. डोंगरातल्या राक्षसिणीचं विरजण संपतं. ती वाटी घेऊन गावात येते. गावच्या बाया तिला आधी जेवायला बसवतात.

मी पाणी प्यायला थांबले.

“अगं, पुढे वाच की! मिळालं का विरजण?” बाबांची मूठ सुटली होती.

“मिळालं. सकाळी कवडीदार दही लागलं.”

“वा! लिहिणारी बाई सुगरण असणार.”

“छे! तिच्या हातून अजून दूध उतू जातं. बाबा, गोष्ट मी लिहिलीय.”