‘मला’च्या पुढचा शब्द

दुकानातल्या मुलीने शोभनाताईंसमोर त्यांच्या जुन्या अँड्रॉइडशेजारी नवा आयफोन ठेवला. “काकू, सुरुवातीला जरा अवघड जाईल हं. सगळ्याच सवयी बदलतात.”

“हिला कशाला ती डोकेदुखी!” त्यांचे यजमान परस्पर म्हणाले. “जुनाच चालेल ना गं तुला?”

तेवढ्यात लेकीचा मेसेज आला : ‘आई, कुठला घेतेस?’ शोभनाताईंनी जुन्या फोनवर ‘मला’ लिहिताच त्याने पुढचा शब्द आपणहून सुचवला : ‘चालेल’. इतकी वर्षं त्या घरात सगळ्यांना हेच लिहीत आल्या होत्या. फोनलाही पाठ झालं होतं.

त्यांनी नवा फोन ओढून घेतला. ‘मला’ लिहिलं. त्याला त्यांच्याविषयी काहीच ठाऊक नव्हतं. पुढचा शब्द त्यांनी एकेक अक्षर दाबत स्वतःच लिहिला आणि फोन यजमानांसमोर धरला.

‘हवाय.’