समुद्रावरच्या बंगल्याचं दार

“कशाला आलात?” दाराने पाचव्यांदा विचारलं.

मे महिन्याच्या उन्हात आमदार जयवंत सुर्वे घामाने निथळत होते. समोर बंद दार, मागे समुद्र, पाठीवर ऊन. “आईच्या पायाशी दोन दिवस राहायला!”

दार हललं नाही.

“धाकटे साहेब, खरं सांगून मोकळे व्हा की!” घर सांभाळणारी शेवंता आतून वैतागून ओरडली. “त्याला आवाजावरनं खोटं कळतं. तुमच्या वडिलांनीच बसवलंय. इथं माशाचं कालवण गार झालं!”

“बंगल्याच्या कागदांवर आईची सही हवीय! झालं समाधान?”

दार उघडलं. आत आई उभी होती, हातात कोकम सरबताचा पेला. तिने सगळं ऐकलं होतं.

“ये,” ती हसून म्हणाली, “मला काही वाईट नाही वाटलं.”

जयवंतरावांच्या तोंडावर दार धाडकन बंद झालं.