कोऱ्या भिंतीवरचे शब्द

सुनेला दवाखान्यात नोकरी हवी होती आणि तिथे इंग्रजीशिवाय कोणी उभं करत नव्हतं. म्हणून सासरे घरातल्या वस्तूंवर इंग्रजी शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटवत. अर्थ सांगितला की चिठ्ठी काढायची, असा घरचा नियम. सासऱ्यांची नजर अधू झाली होती, त्यामुळे कधीकधी किटलीची चिठ्ठी बादलीवर जाई.

म्हणूनच बैठकीच्या कोऱ्या भिंतीवर 'हिंज' दिसलं तेव्हा तिला नवल वाटलं नाही. शब्दकोशात अर्थ सापडला, बिजागरी. तिने चिठ्ठी काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी त्याच भिंतीवर, कमरेच्या उंचीला, 'लॅच' होतं. कडी. मग अगदी खाली, जमिनीलगत, 'थ्रेशोल्ड'. उंबरठा.

"बाबा, भिंतीवर कशाला चिकटवता?" तिने विचारलं.

"भिंतीला एकच शब्द, वॉल," सासरे म्हणाले. "तो तर तुझा कधीच पाठ झाला."

"मग बिजागरी, कडी, उंबरठा?"

"त्यांचं इंग्रजी मलाही येत नाही गं."

भिंत बाहेरच्या बाजूची होती आणि घर चौथ्या मजल्यावर.

आज दुपारी सासरे चहा पीत बसले असताना तिला नवी चिठ्ठी दिसली, छातीच्या उंचीला. 'नॉक'. तिने शब्दकोश मांडीवर घेतला.

पान सापडायच्या आधीच तिला अर्थ कळला. भिंतीवर पलीकडून टकटक झाली होती.

"बघ गं," सासरे कपातला चहा फुंकत म्हणाले, "दारात कोण आलंय."