रविवारचं घर

"परक्याच्या पाटावर बसावं, पण पाय पसरू नयेत गं पोरी. उठायची वेळ कधी येईल, सांगता येत नाही."

मावशीचा हा आवाज तिच्या कानात लहानपणापासून मुरलेला. म्हणून तर मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर, फर्निचरच्या दुकानातल्या त्या पिवळ्या सोफ्यावर, ती आजही पाय आखडूनच बसली होती. नवऱ्याचे पाय मात्र टीपॉयवर होते. बापजाद्यांची जहागीर असावी तसे.

"जरा डावीकडे सरक," मोबाइल हातभर लांब धरून तो म्हणाला. "दुकानाची पाटी येतेय मागे. आणि ए, तुम्ही दोघं! सफरचंद चावायचं नाही. प्लास्टिकचं आहे."

वर्षापूर्वी पोरं दमली म्हणून ते इथे घटकाभर टेकले होते, आणि नेमका गावाहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. "अगंबाई, केवढं हे घर!" त्या हरखून म्हणाल्या. 'हे दुकान आहे' एवढे तीनच शब्द होते. नवऱ्याने ते गिळले. तेव्हापासून दर रविवारी इथे त्यांचा संसार थाटला जायचा.

खरं घर म्हणजे ह्या परक्या देशातली भाड्याची एक खोली. खिडकी उघडली की समोर शेजारची भिंत, आणि रात्री चौघांचे पाय एका पांघरुणात. नवरा दोन-दोन पाळ्या करायचा. ती पोरांना घेऊन दिवस दिवस मॉलमध्ये काढायची. तिथे ऊब फुकट, उजेड फुकट, सरकता जिना म्हणजे फुकटचा पाळणा. धाकट्याला तर हेच अंगण आणि हीच ओसरी.

दुकानदाराने पडदे बदलले की नवरा आईला सांगायचा, "जुन्यांचा कंटाळा आला होता." एखादं अनोळखी जोडपं मागच्या पलंगावर बसून गादी दाबून बघायला लागलं की सासूबाई विचारायच्या, "पाहुणे का रे?" हा म्हणायचा, "हो ना. इकडची माणसं फार मोकळी." पुठ्ठ्याचा टीव्ही, पानं नसलेली पुस्तकं, सेल नसलेलं घड्याळ, आणि त्यात मांडून ठेवलेली चार जिवंत माणसं. सगळी भातुकलीच. फक्त पोरं कंटाळली होती आणि बाप रंगला होता.

मोबाइलवर सासूबाई उमटल्या. त्यांच्या मागे काकू आणि शेजारीण माना उंचावून उभ्या.

"मागे सरा गं, उजेड अडतोय," सासूबाईंनी नेहमीसारखं दोघींना कोपराने ढकललं. मग नेहमीचाच प्रश्न. "किती वाजले रे तिकडे?"

"साडेचार."

"बरं." त्या जरा थांबल्या. "मी काय म्हणते, मी येऊ का तिकडे? पोरं सांभाळीन. हिची एकटीची किती ओढाताण होत असेल."

तिच्या काळजात काहीतरी लख्ख झालं. धाकटा झाल्यापासून दार लावून अंघोळ कशी करतात, हे ती विसरली होती. तिने तोंड उघडलं, तोच नवऱ्याने मोबाइलच्या आडून तिच्या पावलावर पाय दाबला.

"अगं आई, इकडची हवा तुला मानवायची नाही."

"एवढ्या मोठ्या घरात आईला एक कोपरा नाही का रे?"

"सुनेला नको असेल!" मागून शेजारीण चुकचुकली.

नवऱ्याने ते खोडलं नाही. ते कारण त्याला बरं वाटलं होतं. बिनखर्चाचं आणि बसल्या जागी मिळालेलं.

तिने त्याच्याकडे बघितलं. तो पडद्यांकडे बघत होता.

तेवढ्यात दुकानाच्या दुसऱ्या टोकाकडून किंकाळी आली. दुकानातली विक्रेती धावत सुटली होती. शोभेच्या बाथरूममध्ये, शोभेच्या कमोडवर, धाकटा चड्डी उतरवून राजासारखा बसला होता. त्याचं काम उरकलंही होतं. हे आपलं घर आहे, असं वर्षभर ऐकून ते खरं मानणारा त्या दुकानात तो एकटाच.

"कोण ओरडतंय रे?" सासूबाईंनी विचारलं.

"कामवाली आहे, आई," नवरा म्हणाला, मोबाइल बायकोच्या हातात कोंबला आणि कामवालीच्या हातापाया पडायला पळाला.

"आई," धाकट्याने बसल्या बसल्या हाक मारली, "आपल्या घरी पाणी नाही येत!"

ती सोफ्यावरून उठली.

"आई," ती मोबाइलकडे बघून म्हणाली. "हे आमचं घर नाही. दुकान आहे. आमची एकच खोली आहे. तुमचं अंथरूण घातलं तर दार अर्धंच उघडेल. तरी या. मला तुम्ही हव्या आहात. वर्षभर हव्या आहात."

पलीकडे मग सासूबाईंची मान मागे वळली. "जा गं तुम्ही दोघी, चहा टाका जा." दोघींची कुरकुर, मग दार ओढल्याचा आवाज. सासूबाईंनी चेहरा मोबाइलच्या इतका जवळ आणला की नुसते डोळेच दिसायला लागले.

"सांगितलंस एकदाचं! दर रविवारी वेळ विचारत होते, म्हटलं आज तरी माझा लेक मागे वळून बघेल. त्या भिंतीवरच्या घड्याळात वर्षभर दहा वाजून दहाच मिनिटं झाली आहेत. ह्या दोघींना काय उगाच मागे सारत होते मी?"